डावी लागली

हवालदार म्हणाला, ब्रेकलाईट बंद आहे तुझी.
मी म्हटलं, मला कसं कळणार साहेब,
मी तर पुढे बसतो.
तो हसला नाही. मोबाईल काढून गाडीच्या पाठीचा फोटो घेतला.
नेरूळच्या पुलाखाली बर्फ थेंब थेंब रस्त्यावर,
आणि थोडक्यात वाचलेला मागचा टेम्पोवाला
अजून माझ्या आईची विचारपूस करत होता.

दिवाळ्याला पोचलो तेव्हा साडेचार.
लाद्या उतरवल्या. जेट्टीवर दोन कुत्री आणि मी.
स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, दातांत टॉर्च.

फ्यूज काढला. चांगला.
तरी हॉर्नचा काढून तिथे लावून पाहिला,
डोळ्यांवर आता पूर्वीइतका भरवसा नाही.
पेडलच्या वर बोट घालून स्विचची पिन चाचपली,
ती आतबाहेर होत होती, शहाण्या पोरीसारखी.
पेडलवर वीट ठेवून मागे धावलो.
वीट घसरली.
गाडी वळवून बंद शटरला पाठ लावली,
पत्र्यावर लाल उमटतं का, आरशात पाहिलं.
शटरवर कुणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर,
त्यातले सगळेच आधीपासून लाल.

हे काम दोघांचं आहे.
एकाने पाय द्यायचा,
एकाने मागे उभं राहून खरं सांगायचं.

तेवढ्यात हसुराम आला, खांद्यावर जाळं.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटपासून
तीन वर्षं आम्ही एकाच गल्लीत
एकमेकांना गटारासारखे ओलांडतो.
आईच्या बाराव्याला जेवलो तेही
वेगवेगळ्या पंगतीत, एकच वाल.

तो गाडीमागे थांबला. जाळं खाली ठेवलं नाही.
मी काही न बोलता आत बसलो आणि पाय दिला.

"नाय."

पुन्हा दिला.

"नाय. पन थांब.
तू दाबतोस तवा डाव्या अंगाची टेललाईट पन मंद होतं."
मग जरा वेळाने,
"अर्थ बघितलास का?"

शाळेत मला तो कधी लागला नाही.
गाडीत तरी बरं, बोल्टला बांधलेला असतो.

दिव्यामागची काळी वायर चासीला मिळते, तिथे
पांढरी बुरशी धरलेली, मिठाची.
सहा वर्षांचं बर्फाचं पाणी,
कोलंबीचं, बोंबलाचं, पाटीतून गळलेलं,
रोज थोडं थोडं तिथेच बसून लोखंड खात होतं.
पुढून सगळं नीट येत होतं:
बॅटरी, फ्यूज, स्विच, वायर, कुणी कुणाशी भांडलेलं नाही.
परत जायला वाट नव्हती, एवढंच.

त्याने कमरेची सुरी काढून दिली, खवलं काढायची.
मी खरवडत राहिलो. चकचकीत लोखंड वर आलं,
पापलेटच्या पोटासारखं.
बोल्ट आवळला. आत बसलो. पाय दिला.
मागून बराच वेळ काहीच नाही.
आरशात फक्त त्याचे गुडघे, आणि लुंगीवर
हळूहळू चढलेला तांबूस रंग.

"डावी लागली."

मी पाय काढला नाही.

"उजवी नाय."

उजवीच्या काचेचा स्क्रू गंजून बसलेला.
मी फिरवला, त्याचं डोकं झिजलं.
सोड, मी करतो, म्हणाला,
आणि जे उरलं होतं तेही झिजवलं.
शेवटी सुरीच्या मुठीने काच फोडली.
बल्बमधल्या दोन तारांतली एक
तुटून लोंबत होती, केसाएवढी.
म्हणजे दुखणी दोन होती
आणि मी रात्रभर एकच शोधत होतो.

दुकान साडेसातला उघडतं, मी म्हटलं.
तो म्हणाला, आठला.
मी म्हटलं, साडेसात, मी रोज जातो.
तो म्हणाला, रोज जातोस तर बल्ब का नाय आनलास.
जाळं कधी खाली ठेवलं त्याने, मला कळलं नाही.
उजेड झाला तरी आम्ही त्याच्यावरच होतो,
साडेसात की आठ.